टोपलीचं बूड

पडद्यावर दोन रेघा होत्या. निळी श्रीमंत देशांची, लाल आपल्यासारख्या देशांची. समुद्र, नद्या आणि तलावांतून जी मासळी माणूस पाळत नाही, नुसती धरून आणतो, तिचं हे वर्षावर्षाचं माप. साठ-सत्तर वर्षांपूर्वी निळी रेघ वर होती आणि लाल तिच्या बरीच खाली सरपटत होती. पुढे दोन्ही चढत गेल्या. मग नव्वद सालाच्या आसपास निळी वाकली आणि उतरायला लागली. लाल तिला ओलांडून वर निघाली, ती थोडी डुलत का होईना पण वरच राहिली.

चंद्रपूरच्या त्या सभागृहात चाळीसेक माणसं बसली होती. सगळी कंत्राटी. कुणाकडे तलाव, कुणाकडे धरण, कुणाकडे नदीचा घाट. आपापल्या ठिकाणी रोज किती मासळी निघाली हे तक्त्यात भरायचं, एवढंच त्यांचं काम. तिसऱ्या रांगेत लोकेश मारबते बसला होता. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी सावरघाट आहे, तिथली नोंद गेली चौदा वर्षं तोच लिहीत होता.

"निळी रेघ का उतरली असेल?" शिकवायला आलेल्या रंजीता मॅडमनी विचारलं. वय तिशीच्या आत, पायांत साध्या चपला, हातात फळ्याची काठी.

"डॉक्टरनं मासे बंद केले असतील त्याहिचे," मागून कुणीतरी बोललं. हशा झाला. मॅडमही हसल्या.

"काही समुद्र त्यांनी उपसून संपवले. काही ठिकाणी वेळेवर शहाणपण सुचलं, मग जाळी कमी केली, नियम लावले. पण त्यांच्या ताटातला मासा कमी झाला नाही हो. तो ते आता विकत घेतात, बराचसा या लाल रेघेकडून." त्यांनी काठी लाल रेघेवर ठेवली. "आता ही. ही का चढली?"

"मेहनत," एकजण म्हणाला.

"मेहनत आहेच. होड्या वाढल्या, जाळी वाढली. पण मला एक शंका आहे. निळ्या रेघेखाली बहुतेक ठिकाणी काटा आहे. बंदरावर खोकं उतरलं की काट्यावर चढतं. लाल रेघेखाली, त्यातही नद्यांच्या मासळीत, काटा कमी आणि माणूस जास्त आहे. म्हणजे तुम्ही. तुम्ही संध्याकाळी तक्त्यात जे लिहिता ते तालुक्यात जातं, जिल्ह्यात जातं, राज्यात, दिल्लीत, आणि शेवटी इथे येऊन ही रेघ होतं. तुमच्या हातून एक किलो चुकला, तर तो इथवर चुकतो."

लोकेशनं बसल्या जागी पाय सावरून घेतले.

पुढच्या चित्रात आपल्याच भागातली काही केंद्रं होती. बहुतेक रेघा करवतीच्या दात्यांसारख्या खालीवर होत होत्या. एकच सरळ चढत होती. तिच्याखाली लिहिलं होतं, सावरघाट.

"हे केंद्र कोण बघतं?"

लोकेश उभा राहिला.

"चौदा वर्षांत एक दिवस नोंद चुकलेली नाही. एकही रकाना रिकामा नाही. असं काम मी फार ठिकाणी पाहिलेलं नाही." मॅडम मनापासून बोलत होत्या. "फक्त एक विचारते. सहा वर्षांपूर्वी नदी मार्चमध्येच आटली होती. बाकी सगळ्यांची रेघ पडली. तुमची नाही. त्या वर्षी काय झालं होतं?"

सभागृह त्याच्याकडे बघत होतं. त्या वर्षी काय झालं होतं ते लोकेशला पक्कं माहीत होतं.

"आमचे लोकं मेहनती आहेत, मॅडम," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. मॅडमनी टाळी वाजवली नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचं चित्र लावलं. लोकेश खाली बसला तेव्हा शेजारचा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय बाप्पा, हिरो झाले तुमी तं." लोकेशनं हसून दाखवलं. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या, त्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत निवल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. पण बाहेर काय गेलं ते त्याला सांगता आलं नसतं.

सुरुवात खोटी नव्हती. त्याला हेच पुन्हा पुन्हा आठवत होतं. तो स्वतः ढिवराच्या घरचा. बाप जाळं टाकत होता, आई गेल्यावर त्याला रुखमाबाई मावशीनं वाढवलं, आणि ती अजूनही चामोर्शीच्या बाजारात मासळी घेऊन बसते. नोकरी लागली त्या वर्षी तो सकाळी अंधार फिटायच्या वेळी घाटावर जायचा. ढिवर काही तोलून मासे आणत नाहीत. पुरुष जाळं झाडतात, बाया टोपल्या भरतात आणि टोपली डोक्यावर घेऊन निघतात. बाजारातही नदीची बारीक मासळी वाट्यानं जाते, काट्यानं नाही. तेव्हा मोजायचं काय? टोपल्या मोजायच्या. लोकेशनं स्प्रिंगचा काटा नेला आणि महिनाभर तीस टोपल्या तोलल्या. सरासरी आली नऊ किलो. दुसऱ्या वर्षी पुन्हा तोलल्या, पुन्हा नऊ. तेव्हापासून त्याच्या तक्त्यात एकच हिशोब होता. घाटावरून निघालेल्या टोपल्या गुणिले नऊ.

दर वर्षी टोपली नव्यानं तोलावी, असं नियमाच्या कागदावर लिहिलं होतं. तिसऱ्या वर्षी राहून गेलं. चौथ्या वर्षी वाटलं, काय फरक पडतो.

पाचव्या वर्षी कळलं. भरलेली टोपली एकट्या बाईला डोक्यावर चढवता येत नाही, दुसऱ्या कुणीतरी हात द्यावा लागतो. लोकेश घाटावर असला की मावशीला टोपली तोच उचलून द्यायचा. त्या सकाळी नेहमीसारखा कमरेतून वाकला, नेहमीचा जोर लावला, आणि टोपली एकदम छातीपर्यंत उडून आली. वरचे दोन मासे खाली पडले.

"काऊन रे लोक्या, ताकद वाढली का काय तुही?" मावशी हसली. पण हसता हसता तिनं टोपलीवरचं ओलं फडकं नीट ओढून घेतलं.

त्या दिवशी त्यानं घरी येऊन काटा बाहेर काढला. पुसला. मग पुन्हा पिशवीत घातला. आता तोललं तर आकडा पडणार, आकडा पडला तर मागची दोन वर्षं काय करत होता हे वरचे विचारणार, आणि कंत्राट तर दर वर्षी मार्चमध्ये नवं होतं. पुढच्या वर्षी बघू, असं त्यानं ठरवलं. तो पुढचं वर्ष असं नऊ वेळा म्हणाला.

चामोर्शीच्या बसथांब्यावर दादाजीभाऊ त्याची वाट बघत उभे होते. सावरघाटच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. साठीच्या पुढचे, दम्यानं छाती भरलेली, हातात घडी घालून घालून मऊ पडलेला कागद.

"वाच," ते म्हणाले. "मले वाचता येते, पन तू वाच."

संस्थेनं हिवाळ्यात अर्ज केला होता. नदीवर वर बंधारा आहे. उन्हाळ्यात त्यातून थोडं पाणी सोडावं, फार नाही, सावरघाटचा डोह जिवंत राहील एवढं. नदी आटली की उरलेली मासळी त्या डोहात येऊन राहते, आणि पावसात तिथूनच पुन्हा वर चढते. डोह आटला म्हणजे बियाणंच गेलं. गेल्या मे महिन्यात डोहात ढोपरभर पाणी उरलं होतं. या वर्षी तेवढंही राहणार नव्हतं.

लोकेशनं कागद वाचला. भाषा सरळ होती. सावरघाट केंद्राच्या चौदा वर्षांच्या नोंदींनुसार तिथली मासळी सातत्यानं वाढत असल्याचं दिसतं, सबब मागणीचा विचार करता येत नाही. हरकत असल्यास बुधवारी अकरा वाजता हजर राहावं.

"वाढत हाय म्हनते," दादाजीभाऊ म्हणाले. "कुठी वाढत हाय? याहिच्या घरच्या टाकीत?"

लोकेशनं कागदाची घडी घातली.

"तू काई मनाले लावून घेऊ नको." दादाजीभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी सांगतलं सगळ्याले. लोकेश आपला पोरगा होय, ढिवराचा. त्यानं बराबरच लिहिलं असन. वरच्यांनी बदलवले आकडे. असंच करते ते. बुधवारी तू ये आमच्यासंग. उभा राह्य आन सांग, मी हे लिहिलं होतं, तुमी हे केलं. बस. बाकी आमी पाहून घेऊ."

"भाऊ..."

"भेव नको. आख्खी संस्था तुह्या मागं हाय."

लोकेशला वाटलं, आता बोलावं. बसथांब्यावर शेंगदाणेवाला ओरडत होता, एक बस उलटी येत होती, कंडक्टर पत्र्यावर थापा मारत होता. "येतो बुधवारी," तो म्हणाला. घरी जाताना त्याच्या लक्षात आलं की दादाजीभाऊंनी त्याला सुटकेची वाटही काढून दिली होती. वरच्यांनी बदलले, एवढं म्हटलं की झालं. वरचे हो म्हणोत की नाही, गाव त्याच्यावरच विश्वास ठेवणार. ती वाट त्याला आवडली, आणि आवडली याचीच पुढे जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो दुर्गाबाईकडे गेला. सावरघाटच्या सगळ्या बायांच्या टोपल्या तिच्या हातच्या. अंगणात बांबूच्या ओल्या पट्ट्यांचा ढीग, मध्ये ती मांडी घालून, गुडघ्याखाली अर्धी विणलेली टोपली दाबून धरलेली.

"मासळीची टोपली पाहिजे, दुर्गाबाई. जुनी."

"जुनी कायले? नवी देतो ना."

"जुन्या मापाची. चौदा वर्षांपयलेची."

तिनं सुरी खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. "तेवढी कोनी घेत नाई आता, भाऊ. काय करता? कोंबड्या झाकता?"

"पाहाची आहे."

दुर्गाबाईनं डावा हात पुढे केला आणि उजव्या हाताच्या बोटानं दाखवलं. "पयले इथून इथवर. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत खोल. मंग एक दिवस तुहीच मावशी आली. म्हने, दुर्गा, तोंड तेवढंच ठेव, बूड जराकसं वर घे. मी म्हटलं, काऊन वो बाई? तं म्हने, टोपली भरत नाई, आन अर्ध्या टोपलीनं कसं बसू बाजारात?"

लोकेशला ते सांगायची गरज नव्हती. ढिवराची बाई अर्धी टोपली घेऊन बाजारात बसत नाही. टोपली काठोकाठ दिसलीच पाहिजे. बूड दिसलं की गिऱ्हाईक समजतं, दुसऱ्यानं निवडून टाकलेली उरलीसुरली मासळी आहे, आणि पुढे जातं. शिवाय जिच्या टोपलीचं बूड दिसतं तिच्या नवऱ्याच्या हाताला यश नाही, असं बाकीच्या बाया धरतात. म्हणून आधी खाली पळसाची पानं घालायला लागल्या. मग आणखी पानं. मग बूड वर आलं.

"मंग दुसरी आली, मंग तिसरी. दोन सालानं पुन्हा मावशी, आनखी वर घे म्हने. आता पाहा." तिनं गुडघ्याखालची टोपली उलटी करून दाखवली. "वीतभर आन चार बोटं. तोंड तेच. वरून पाहिलं तं काई समजत नाई. तुमीच रोज मोजता ना घाटावर? समजलं का तुमाले?"

ती सहज विचारत होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, तिचं कसब साधलं का ते.

"समजलं होतं," लोकेश म्हणाला.

"हौ?" दुर्गाबाई जरा हिरमुसली.

आणि टोपल्या वाढत गेल्या हेही खरं होतं. एका घरातून पूर्वी एक टोपली निघायची. त्यात भागेना तशा जावा वेगळ्या बसायला लागल्या, सासू वेगळी, सून वेगळी. बावीसच्या एकतीस झाल्या. लोकेशच्या तक्त्यात घाटाची मासळी रोजची दोनशे किलोंवरून दोनशे ऐंशीवर गेली. आटलेल्या वर्षीही टोपल्या तेवढ्याच निघाल्या होत्या. त्या वर्षी पानं जास्त होती, एवढंच.

दुर्गाबाईनं दोन दिवसांत जुन्या मापाची टोपली करून दिली. ती घेऊन तो बाजाराच्या दिवशी चामोर्शीला गेला. पिशवीत काटा होता.

इथे त्यानं दुसरी चूक केली. पहिली चूक नऊ वर्षं चालली होती, ही पाच मिनिटं चालली. बुधवारी उभं राहायचं तर हातात पुरावा हवा, वजन हवं, नऊच्या जागी खरं किती ते हवं, असा त्याचा विचार होता. विचार बरोबरच होता. फक्त मावशीच्या घरी जाऊन, दार लावून, "मावशी, मी चुकलो, मला मासळी तोलू दे," असं म्हणायची त्याची छाती झाली नाही. बाजारात काम म्हणून सांगता येईल, असं त्याला वाटलं. कामाच्या आड उभं राहायची त्याला सवय होती.

मासळीच्या ओळीत मावशी तिसरी. समोर टोपली, गच्च भरलेली, वर शिंगाडा जातीचे दोन मोठे मासे मिशा बाहेर काढून मांडलेले, बाजूला झिंग्यांचे वाटे.

"ये रे," ती म्हणाली. "आज इकडं कसा? चाय पेतं?"

"मावशी, जरा मासळी तोलाची होती. सरकारी काम आहे."

"तोल ना. घरी आल्यावर तोल उरलं तं."

"आत्ताच पाहिजे. भरलेली."

तिनं त्याच्या हातातली टोपली पाहिली. ती लगेच ओळखली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, डोळ्यांतलं गेलं. "लोक्या," ती हळू बोलली, "गिऱ्हाईक हाय समोर."

"दोनच मिनिटं," तो म्हणाला, आणि तिची टोपली उचलून मोठ्या टोपलीत उपडी केली.

आधी मासळी पडली. मग तिच्यावर पळसाची काळी पडलेली ओली पानं, चांगला चार बोटं जाड थर. पानं त्यानं बाजूला काढली. मोठ्या टोपलीच्या तळाशी मासळी कुठेतरी खोल जाऊन पडली होती, विहिरीत पडल्यासारखी. मघापर्यंत भरगच्च दिसणारे शिंगाडे दोन बोटांएवढे वाटत होते. समोर उभी असलेली बाई वाकून आत बघून म्हणाली, "अवो, हे तं उरलेलं दिसते," आणि पुढच्या टोपलीकडे गेली. दोन जागा सोडून बसलेल्या एकीनं मोठ्यानं विचारलं, "काय वो रुखमाबाई, आज बूड काऊन दाखवून राह्यल्या?" कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग तीच बाई पटकन गप्प झाली आणि आपल्या टोपलीवर फडकं ओढून बसली. तिच्याही टोपलीला बूड होतंच.

लोकेशनं काटा अडकवला. मोठी टोपली वजा करून तीन किलो चारशे.

 मावशीनं मासळी पुन्हा आपल्या टोपलीत भरली, पण पानं तिनं परत घातली नाहीत. आता उपयोग नव्हता. टोपली अर्धी दिसत होती. तिनं पदर पुढे ओढून टोपलीच्या काठावर टाकला, पोटाशी धरलेलं मूल झाकावं तसा, आणि तशीच बसून राहिली.

"तुले वजन पाहिजे होतं," ती म्हणाली, "मले विचारलं असतं. मी सांगतलं असतं. मले माईत होतं ना रे, तू नऊ लिहितं ते."

"तुले माहीत होतं?"

"अख्ख्या घाटाले माईत होतं, लोकेश नऊ लिहिते. आमाले वाटलं, आमची लाज झाकून राह्यला पोरगा." तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. "आमाले काय माईत त्याचं काय होते वरतं."

 लोकेशनं काटा पिशवीत घातला. मोठी टोपली हातात घेऊन बाजारातून बाहेर पडेपर्यंतची वाट एरवी दोनशे पावलांची असेल. लोक त्या रिकाम्या टोपलीकडे बघत होते, किंवा त्याला तसं वाटत होतं.

बुधवारी अकराला सगळे कार्यालयात हजर होते. दादाजीभाऊंनी धुतलेला सदरा घातला होता, सोबत संस्थेचे आठ-दहा जण. टेबलामागे साहेब, बाजूला फायलींचा ढीग, आणि खुर्ची ओढून रंजीता मॅडम. नोंदी तपासायला त्यांना बोलावलं होतं.

दादाजीभाऊंनी सुरुवात केली. "साहेब, हे आकडे आमच्या मान्साचे नाई. आमच्या मान्सानं बराबर लिहिले. मंधात कुठीतरी बदलवले. हा पाहा, मानूस आनला सोबत. बोल रे लोकेश."

साहेबांनी चष्मा काढला. "हे गंभीर आहे. तुम्ही लिहिलेले आकडे या कार्यालयात बदलले, असं तुमचं म्हणणं आहे?"

हो म्हणायला एकच अक्षर लागलं असतं. दादाजीभाऊ त्याच्याकडे बघत होते, वर्गात आपल्या पोरानं उत्तर द्यावं म्हणून बघतात तसे.

"नाही," लोकेश म्हणाला. "आकडे माझेच आहेत. कुणी बदलले नाहीत. मी चुकीचे लिहिले."

 लोकेशनं जुन्या मापाची टोपली टेबलावर ठेवली, शेजारी आताची ठेवली, आणि सांगितलं. पहिल्या वर्षीचे नऊ किलो. बूड कसं वर आलं. पानं. बावीसच्या एकतीस. परवाचे तीन किलो चारशे. "आज घाटावर दिवसाला शंभर-सव्वाशे किलो निघत असतील. मी दोनशे ऐंशी लिहितो. मासळी वाढलेली नाही, निम्म्यावर आली आहे."

"हे तुमच्या लक्षात कधी आलं?" मॅडमनी विचारलं.

"पाचव्या वर्षी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आणि त्या दिवशी सभागृहात मी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

दादाजीभाऊ खाली बसले.  त्यांनी लोकेशला शिवीही दिली नाही. बाहेर पडताना एवढंच म्हणाले, आणि तेही शेजारच्याला, "मी लोकाहिले शपथ घेऊन सांगतलं होतं रे."

साहेबांनी ते लेखी घेतलं. मागच्या नोंदी जागेवर बसून बदलता येत नाहीत, असं ते म्हणाले. सात दिवस घाटावर प्रत्येक टोपली काट्यावर चढवा, मॅडम समोर राहतील, त्यावरून पाण्याचं ठरवू. कंत्राटाचं वेगळं ठरेल. पण हे सात दिवस टोपल्या लोकेशनंच तोलायच्या. घाट त्यालाच माहीत आहे.

म्हणजे एकतीस बायांनी रोज सकाळी मॅडमसमोर, एकमेकींसमोर, आपल्या नवऱ्यांसमोर पानं काढून टोपलीचं बूड दाखवायचं होतं.

पहिल्या सकाळी घाटावर कुणी पुढे येईना. पुरुष जाळी झाडण्यात गुंतल्यासारखे करत होते. बाया टोपल्यांवर फडकी ओढून पाठमोऱ्या उभ्या होत्या. लोकेश झाडाच्या फांदीला काटा बांधून उभा होता. मॅडम वही घेऊन दगडावर बसल्या होत्या. एकदा त्यांनी घड्याळ पाहिलं. चामोर्शीला जाणारा ऑटो वर रस्त्यावर भोंगा वाजवत होता.

मग रुखमाबाई मावशी आली. तिनं टोपली काट्याखाली ठेवली, फडकं काढलं, मासळी बाजूला सारली आणि मूठमूठ करून सगळी पानं काढून नदीत टाकली. सगळ्यांना दिसेल अशी टोपली कलती केली.

"लिही," ती म्हणाली. "जसं हाय तसं लिही."

तीन किलो शंभर. लोकेशनं मोठ्यानं वाचलं, मॅडमनी वहीत घेतलं. मग दुसरी आली. मग एकेक करून सगळ्या. कुणी डोळे वर केले नाहीत. एकीची दोन किलोसुद्धा भरली नाही, ती काट्यावरचा आकडा ऐकून तोंडात पदर धरून हसली, आणि कुणी सोबत हसलं नाही म्हणून थांबली.

सात दिवस तसंच झालं. बेरीज रोज शंभराच्या आसपास, एकदा एक्क्याण्णव. सातव्या दिवशी मॅडमनी कागदावर दुपारीच हिशोब मांडून वर पाठवला, आणि त्या आठवड्याच्या शेवटी डोहापुरतं पाणी सोडायचा हुकूम निघाला. मे संपेपर्यंत, आठवड्यातून दोन दिवस. संस्थेनं पेढे वाटले. लोकेशच्या घरी कुणी आणून दिले नाहीत, आणि त्यानं ती अपेक्षाही केली नव्हती. मार्चअखेर त्याचं कंत्राट संपलं.

पण ते नंतर. त्या पहिल्या सकाळी, शेवटची टोपली काट्यावरून उतरली तेव्हा ऑटोवाला दुसऱ्यांदा भोंगा वाजवत होता. मावशी आपल्या टोपलीजवळ उभी होती. तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली. लोकेश नेहमीसारखा पुढे झाला, कमरेतून वाकला, दोन्ही हात टोपलीच्या काठाला लावले. आता किती जोर लावायचा हे त्याला ठाऊक होतं.

"राहू दे," मावशी म्हणाली.

तिनं शेजारच्या बाईला हाक मारली नाही. स्वतःच वाकली, एका हातानं टोपली उचलली, सहज डोक्यावर ठेवली आणि घाट चढून गेली.